लहान गावातल्या प्रेमकथा: कोणते ट्रोप आवडतात, कोणते डोक्यात जातात?

मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या मराठी कथामालिकांत लहान गावातल्या प्रेमकथांना मोठा वाचकवर्ग आहे. नागपुरात अशा कथा वाचणारी, लिहिणारी आणि लिहिलेलं दाखवायला आणणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. प्रत्येक ट्रोपला मी एकच कसोटी लावते: ही कथा या गावातून उचलून दुसऱ्या गावात ठेवली तर ती अडते का? अडत असेल तर गाव कथेत काम करतंय. अडत नसेल तर गाव नुसतं मागच्या पडद्यावर रंगवलेलं आहे.

ट्रोप म्हणजे नेमकं काय? आणि तो असणं वाईट का?

ट्रोप म्हणजे वाचकाच्या ओळखीचं झालेलं कथेतलं वळण. शहरातून परत आलेली नायिका, खोटा साखरपुडा, एकच खोली, लग्न जुळवणारी आजी, शाळेतलं जुनं प्रेम पुन्हा भेटणं, ही सगळी ट्रोपच. ते असण्यात काहीच वाईट नाही. प्रेमकथा हातात घेणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. तिथवर हे दोघं कसे पोचतात हे बघायलाच तो वाचतो. त्रास होतो तो लेखकाने वळण घेतलं पण त्यामागचं कारण दिलं नाही की.

नागपुरात घडणारी कथा 'लहान गावातली' म्हणता येईल का?

नाही. २०११ च्या जनगणनेतच नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. महाल, इतवारी, सक्करदरा इथल्या गल्ल्यांमध्ये गावपण आहे आणि त्यावर सुंदर लिहिता येतं, पण ती मोहल्ल्याची कथा झाली. लहान गाव म्हणजे काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर, पवनी, तुमसर, आर्वी, वणी. एक बसस्टँड, एक मुख्य चौक, तहसील कार्यालय, दोन-तीन मंगल कार्यालयं, आणि कुठल्याही दुकानात गेलात तरी तुमच्या वडिलांना ओळखणारा एक माणूस.

या कथांमध्ये नागपूर लागतं ते 'शहर' म्हणून, आणि इथेच आपल्या भागाची कथा वेगळी होते. पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेला माणूस दिवाळीला घरी येतो. काटोल, उमरेड, रामटेक मात्र नागपूरपासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास. माणूस सकाळी जातो, रात्री जेवायला घरी असतो. याला आपण अपडाऊन म्हणतो, आणि अपडाऊनचं प्रेम हा विदर्भातला सर्वांत जिवंत आणि सर्वांत कमी लिहिला गेलेला ट्रोप आहे.

काटोलहून सकाळच्या गाडीने येणारा पासवाल्यांचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. जागा ठरलेल्या. खिडकीजवळ कोणीतरी रुमाल टाकून ठेवलेला. बँकेतले एक काका, दोन नर्स, कॉलेजची चार पोरं, आणि एक मुलगी जी रोज कळमेश्वर जाईपर्यंत डोळे मिटून बसते आणि मग पुस्तक काढते. ती दोन दिवस आली नाही तर पहिला प्रश्न काका विचारतात, आणि उत्तर माहीत असलेला मुलगा ते द्यायला कचरतो, कारण दिलं तर त्याला कसं माहीत हे सगळ्या डब्याला कळेल. इथे प्रेम सुरू व्हायच्या आधीपासून त्याला साक्षीदार आहेत. आणि एके दिवशी तिला नागपुरातच रूम मिळते. दोघांमध्ये कोणी आलेलं नाही, कोणाचा विरोध नाही. फक्त सकाळची गाडी गेली. असा दुरावा मी छापील कथेत फार कमी वेळा वाचला आहे आणि तो वाचायची मला फार इच्छा आहे.

शहरातून गावी परत आलेली नायिका हा ट्रोप सगळ्यांना इतका आवडतो, मग त्यावर राग का?

कारण बहुतेक वेळा त्यात तिचा अपमान असतो. पुण्यात सहा-सात वर्षं नोकरी केलेली मुलगी उमरेडला येते आणि पहिल्याच प्रकरणात शेणात पाय घालते, विहिरीला घाबरते, भाकरी बघून दचकते. मग नायक तिला 'खरं जगणं' शिकवतो. अहो, ती इथे बारावीपर्यंत राहिली आहे! भिवापुरी मिरचीचा ठसका तिला लहानपणापासून माहीत आहे. जिथे वाढलो ते गाव कोणी असं विसरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ती गेली का, हे कथा विचारतच नाही. लहान गावातून मुली फक्त पगारासाठी जात नाहीत. चौकात पाच मिनिटं उभं राहता येत नाही म्हणून जातात. कोणाशी बोलताना दिसलं की संध्याकाळपर्यंत वडिलांना फोन येतो म्हणून जातात. ते कारण तसंच राहून ती फक्त नायकाच्या डोळ्यांसाठी परत येत असेल, तर ती हरली आहे आणि लेखक तिला जिंकली म्हणतोय.

चांगला जमला तर मात्र या ट्रोपला तोड नाही. परत यायला खरं कारण द्या: वडिलांना पक्षाघात, घरून काम करायची परवानगी, मोडलेलं लग्न. आणि तिला गावात काम द्या, असं काम की ज्याने गाव तिच्या दारात येईल. समजा, नागपुरात शिकून आलेली मुलगी उमरेडला पॅथॉलॉजी लॅब टाकते. आता गावातल्या निम्म्या माणसांची शुगर तिला ठाऊक. कोणाच्या घरी कोणती तपासणी झाली, हेही ठाऊक. ज्या मुलाशी तिचं शाळेत भांडण होतं, त्याच्या आईचा रिपोर्ट तिच्या हातात सर्वांत आधी येतो, आणि आई सांगते, 'त्याला सांगू नको.' यापुढे या दोघांमध्ये जे घडेल ते त्या गावाशिवाय घडूच शकत नाही.

संत्र्याची बाग वाचवणारा नायक: याला विरोध का? ती तर आपली ओळख आहे!

बागेला विरोध नाही, घाईला आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काटोल-नरखेड-वरुड पट्टा त्यावर जगतो, आणि आपल्या प्रेमकथेत संत्र्याची बाग यायलाच हवी. पण कथेत काय होतं? कर्जात बुडालेली बाग, नायक-नायिका मिळून नवी झाडं लावतात, पुढच्या हंगामात ट्रक भरतात, कर्ज फिटतं, लग्न होतं. संत्र्याची कलमं लावल्यावर विकण्याजोगं उत्पन्न यायला पाच वर्षं तरी लागतात. शेतकरी घरातला वाचक त्या पानावर पुस्तक मिटतो.

खरं वेळापत्रक तर कथेला कितीतरी जास्त उपयोगी आहे. संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फळाचे हंगाम. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ ऑक्टोबरनंतर निघतं. मृग बहाराला मे महिन्यात ताण, पावसाच्या सुरुवातीला फूल, आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या सगळ्या महिन्यांत फळगळ, कोळशी-डिंक्यासारखे रोग, गारपीट. त्यातच व्यापारी येतो आणि झाडावर फळ असतानाच बागेचा सौदा करतो. आता बघा: वडील म्हणतात बाग आत्ताच देऊन टाकू, पैसा हातात येईल. मुलगी म्हणते थांबू, आपण स्वतः नागपुरात कळमन्याच्या बाजारात नेऊ. ज्याच्याशी तिचं जमतंय तो त्या व्यापाऱ्याकडेच हिशेब बघतो. तीन माणसं, एक सौदा, आणि आकाशात मार्चमधले ढग. इथे शेवटच्या भागात एखाद्या शहरी बिल्डरला खलनायक म्हणून आणावं लागत नाही.

जाता जाता बिल्डरबद्दलही. 'शेत विकत घ्यायला आलेला दुष्ट शहरी माणूस' हा साचा आता जुना झाला. समृद्धी महामार्गासारख्या कामात जमिनी गेल्या तेव्हा पैसा सरळ खात्यात आला, आणि भांडणं घरातल्या घरात झाली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित संपत्तीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने तो बदल १९९४ मध्येच केला आणि २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यात तो आला. तरी सातबाऱ्यावरचं नाव सोडून द्यावं म्हणून बहिणीला ज्या गोडीने बोलावणं धाडलं जातं, त्या बोलावण्यावर कोणी प्रेमकथा उभी केली तर मी रांगेत उभी राहून वाचेन.

गावातल्या चोंबड्या काकू: ठेवाव्यात की काढाव्यात?

ठेवा, आणि त्यांना माणूस म्हणून ठेवा. वाचकांना सगळ्यात जास्त आवडणारा हा ट्रोप आहे असा माझा अनुभव आहे, कारण तो सगळ्यांनी भोगलाय आणि सगळ्यांनी त्याचा आधारही घेतलाय. जी बाई तुम्ही कोणाच्या गाडीवर बसलात हे सांगत फिरते, तीच तुमच्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेण्यासाठी गाडी शोधून आणते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगी दाखवता आल्या की गाव उभं राहतं. नुसती खुसखुशीत गावगप्पा असेल तर ते खोटं वाटतं, आणि नुसता जाच असेल तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ही माणसं इथे राहतात तरी का.

बातमी कशी पोचते, हेही नीट दाखवा. आता ओट्यावरच्या बैठकीसोबत गल्लीचे, समाजाचे, शाळेच्या जुन्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. मंगल कार्यालयातल्या एका फोटोत मागच्या रांगेत दोघं शेजारी दिसले, एवढं पुरतं.

लग्न जुळवणारी आजी?

मला मनापासून आवडते. फक्त तिला खाटेवर बसवून जपमाळ देऊ नका. २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि आपल्या आज्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला आहे. सकाळच्या बसने तुमसर, दुपारी भंडारा, संध्याकाळी परत, आणि वाटेत तीन स्थळांची इत्थंभूत माहिती. अशी आजी कथेला पाय देते.

नकार दिल्यावरही मागे लागणारा नायक वाचकांना आवडतो म्हणतात. खरं का?

काहींना आवडतो. मला तो सहन होत नाही आणि मी कोणालाही तो लिहू नका असंच सांगते. स्पष्ट नकारानंतरही मुलीचा पाठलाग करणं हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, त्याआधी भारतीय दंड विधानातही होता. पण कायदा बाजूला ठेवला तरी लहान गावात या 'प्रेमा'ची किंमत कोण देतं ते बघा. तो रोज तिच्या ट्यूशनबाहेर गाडी घेऊन उभा राहतो. आठ दिवसांत घरी कळतं. त्याला कोणी काही म्हणत नाही. तिचा क्लास बंद होतो. पुढच्या महिन्यात स्थळं बघायला सुरुवात होते. ज्याचं वागणं तिचं शिक्षण थांबवतं त्याला कथेच्या शेवटी बक्षीस म्हणून तीच मिळावी, हे मला घृणास्पद वाटतं.

याच्या उलटा नायक मी एकदा एका नव्या लेखिकेच्या हस्तलिखितात वाचला. त्याला माहीत असतं की तिच्याशी बसस्टँडवर बोललं तर निस्तरावं तिलाच लागेल, म्हणून तो चार महिने बोलतच नाही. फक्त ती ज्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करते तिथला बंद पडलेला कूलर दुरुस्त करून देतो, सगळ्यांसाठी. ते पान वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही, इतकं ते आवडलं.

एकच खोली, एकच पलंग: आपल्याकडे हे कसं जमवायचं?

लॉजवर जमत नाही. ओळखपत्रं मागतात, प्रश्न विचारतात, आणि लहान गावात लॉजवाला वडिलांचा मित्र निघतो. विदर्भाकडे मात्र याहून चांगली जागा आहे: लग्नघराची गच्ची. आपल्याकडे लग्नं भर एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या पुढे, पंचवीस मेपासून नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. रात्री घरात झोपणं अशक्य. मग गच्चीवर पाणी मारतात, गाद्या टाकतात, आणि तीस माणसं ओळीने झोपतात. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधल्या हद्दीवर लहान मुलं. त्याच्या आणि तिच्या मध्ये सहा पोरं आणि एक मावशी, आणि तरी दोघांना कळतंय की दुसरं जागं आहे. लाइट गेली आणि खालचे कूलर बंद झाले की सगळीकडे एकदम शांत होतं. तेव्हा कुजबुजही ऐकू जाते. या प्रसंगात जी ओढ आहे ती हॉटेलच्या खोलीत येणार नाही.

पावसाचंही तसंच. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे रामटेक असं मानलं जातं, त्यामुळे रामटेकचा गड, आषाढाचा पहिला दिवस आणि भिजलेले दोघं हे दृश्य आपल्याकडे फार वेळा लिहून झालं आहे. लिहायचंच असेल तर गडावर त्या दिवशी असणारी गर्दी, माकडं आणि घसरड्या पायऱ्याही येऊ द्या.

गैरसमजामुळे ताटातूट?

सरळ सांगते: एका फोनने सुटणारा गैरसमज चाळीस भाग चालवू नका. गैरसमज टिकायला हवा असेल तर दोघांना बोलण्यापासून अडवणारं काहीतरी गावाने उभं केलेलं हवं. नाहीतर तो लेखकाचा आळस आहे.

कराराचं खोटं लग्न, घमेंडी सीईओ नायक: हे लहान गावात चालतं का?

कथामालिकांमध्ये धो धो चालतं, पण लहान गावात घातलं की फाटतं. तुमसरमध्ये सीईओ कुठून आणणार? तिथला श्रीमंत माणूस राइस मिलवाला असतो, कृषी केंद्रवाला असतो, रस्त्यांचा ठेकेदार असतो, आणि त्याला सकाळी स्वतः मिलवर जाऊन धान उतरवून घ्यावं लागतं. त्याचा तोरा वेगळा आणि लाजही वेगळी. त्याला तसाच लिहा, तो कोणत्याही सीईओपेक्षा रंगतदार आहे. आणि खोटं लग्न गुप्त ठेवणं तर गावात शक्यच नाही. खोटा साखरपुडा मात्र जमतो, कारण एकदा पेढे वाटले की तो मोडणं दोघांच्याही हातात राहत नाही.

जात आणली की कथा जड होते. टाळली तर चालेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात. टाळली असं फक्त लेखकाला वाटतं. पात्रांची आडनावं, देवघर, ताटातलं जेवण, लग्नाची पद्धत, घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, यांतून वाचकाला सगळं दिसतच असतं. मग दिसतं असं की कथेतलं सगळं गाव एक-दोन जातींचंच आहे, आणि बाकीचे लोक फक्त गाडी चालवायला, भांडी घासायला आणि नायिकेला धीर द्यायला येतात. विदर्भातल्या कोणत्याही लहान गावात नवा मुलगा दिसला की पहिला प्रश्न 'कोणाचा रे तू?' असतो, आणि विचारणाऱ्याला त्यातून नेमकं काय हवं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. गावाला माहीत असलेली गोष्ट कथेला माहीत नसेल तर ते गाव खोटं.

प्रत्येक कथा जातीबद्दलच असावी असं माझं म्हणणं नाही. पण आंतरजातीय प्रेम घेतलंत तर दोन पळवाटा बंद करा. पहिली: शेवटी कळतं की नायक दत्तक आहे आणि मूळचा 'आपल्यातलाच'. हे वाचून मला खरंच राग येतो, कारण सगळ्या कथेचा अर्थच त्या एका ओळीने उलटा होतो. दुसरी: मुलगी एक भाषण करते आणि वडील रडून कवटाळतात. जे वडील पुढची पाच वर्षं बोलणार नाहीत, नातवाला बघायला येतील पण त्या घरचं पाणी पिणार नाहीत, ते वडील लिहा. तरीही सुखाचा शेवट करता येतो. ते सुख कमावलेलं असतं.

आणि नागपूर भागातल्या कथेत बौद्ध नायक-नायिका इतक्या कमी का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जे घडलं त्याने इथल्या लाखो घरांचं जगणं बदललं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण परिषदच रद्द झाल्याने न झालेल्या भाषणात, जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह असल्याचं मांडलं होतं. इतका जवळचा संबंध असूनही आपल्या प्रेमकथांमध्ये बौद्ध पात्र येतं ते अन्याय सोसायला किंवा नायकाचा सज्जन मित्र व्हायला. मला साधी, गोड, भांडकुदळ प्रेमकथा हवी आहे: चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी गोळा करताना झालेलं भांडण, विहारातली अभ्यासिका, दोघांमध्ये आधी कोण तलाठी परीक्षा पास होतो याची चुरस, आणि शेवटी पांढऱ्या कपड्यांतलं लग्न. यात कोणी मरायची गरज नाही.

पळून जाऊन त्याच दिवशी कोर्ट मॅरेज: हे होतं का?

कथेत होतं, कायद्यात नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, मग लेखी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि आक्षेपासाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मुलाचं वय २१, मुलीचं १८ पूर्ण हवं. धार्मिक विधीने लग्न करून मग नोंदणी करायची, हा मार्ग वेगळा आहे. लेखक या दोन्हींची सरमिसळ करतात.

आता या तीस दिवसांकडे लेखकाच्या नजरेने बघा. दोघांची नावं, पत्ते एका फलकावर लागलेले. जिल्ह्याच्या त्या कार्यालयात रोज गावाकडची माणसं कामाला येतात. कोणाची नजर जाईल? कोणी बघून गप्प राहील, आणि का? मुलीचा मामा तिथे मुद्रांक घ्यायला येतो, फलक वाचतो, आणि घरी जाऊन काहीच बोलत नाही. तो का बोलला नाही, याचं एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. रेल्वे स्टेशनवरच्या धावपळीपेक्षा मला हा महिना जास्त थरारक वाटतो.

पात्रांनी नागपुरी-वऱ्हाडी बोलावं की प्रमाण मराठी?

निवेदन तुम्हाला जमेल तसं करा, पण संवादात बोली आणा. आणि ती फक्त गड्याच्या आणि विनोदी मित्राच्या तोंडी घालू नका. नायक पुस्तकी बोलतो आणि त्याचा मित्र 'काऊन बे' म्हणतो, ही वाटणी फार टोचते. एकाच माणसाचं बोलणं दिवसभरात बदलतं. नागपुरात मुलाखतीला गेलेली मुलगी तिथे 'मला वाटतं' म्हणेल आणि घरी आजीसमोर 'मले नाई वाटत' म्हणेल. ज्याच्यासमोर ती नकळत घरचं बोलायला लागते, तो तिचा झाला आहे, हे वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

'मी काय म्हणून राहिलो, तू ऐकून तं घे.'
'ऐकून राहिली ना मी. तूच बोलून नाई राहिला.'

एवढ्या दोन ओळींत या दोघांचं वय, गाव आणि एकमेकांशी असलेली जवळीक कळते. प्रत्येक शब्द बोलीत घालून वाचन अवघड करू नका. क्रियापदं आणि 'मले-तुले' सांभाळलं तरी कानाला बोली जाणवते.

सण किती घालावेत?

एक घाला, पण पूर्ण घाला. प्रत्येक सणाला एक प्रकरण दिलं की ती दिनदर्शिका होते. आपल्याकडे तर असे सण आहेत की जे दुसरीकडच्या कथेत येऊच शकत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणारी पोरं; त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, बडगे या पुतळ्यांची मिरवणूक, आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. त्या गर्दीत हात सुटणं आणि सापडणं सगळ्यांना सुचतं. मला भुलाबाई जास्त जवळची वाटते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खिरापतीचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखतात. तिशी गाठलेली, लग्न न झालेली किंवा माहेरी परत आलेली मुलगी त्या घोळक्यात कुठे बसते? मुलींत की बायकांत? तिच्या हातात डबा देऊन 'तू सांग, काय आहे?' असं विचारणारी जी कोणी असेल, तिच्यासाठी मी ती कथा शेवटपर्यंत वाचेन.

शेवटी दोघांपैकी कोणी काय सोडायचं?

नेहमी तीच नोकरी सोडते, हा सर्वांत नावडता शेवट. त्याच्या उलट त्याने सगळं सोडून तिच्यामागे जाणं हे टाळ्या मिळवतं, पण त्याच्या म्हाताऱ्या आईचं काय झालं हे लेखक सांगत नाही. दोघांनी काय हिशेब केला ते पानावर दाखवा: कोणाचा पगार किती, घरभाडं किती, आईला औषध कोण देणार, आठवड्यातून किती दिवस कोण कुठे राहणार. काही लेखकांना वाटतं पैशांचं बोलणं प्रेमात बसत नाही. दोन माणसं वहीत आकडे मांडत आयुष्य कसं जुळवायचं ते ठरवतात, यापेक्षा प्रेमळ दृश्य मला सुचत नाही.

खऱ्या गावाचं नाव द्यावं की काल्पनिक गाव रचावं?

खरं द्या, जर तिथे जाऊन बसायची तयारी असेल तर. पवनी म्हटलं की वैनगंगा आली, उमरेड म्हटलं की कोळशाची खाण आली, आणि तिथला वाचक पहिल्या पानापासून तपासायला बसतो. दुकानांची, शाळांची, दवाखान्यांची नावं बदला. एखाद्या खऱ्या घराची भानगड उचलून नाव बदलून लिहू नका. लहान गावात नाव बदलून काहीही झाकलं जात नाही आणि त्या घरच्या मुलीला ते वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. काल्पनिक गाव रचायचं असेल तर त्याला जवळचं रेल्वे स्टेशन, नदी, मुख्य पीक आणि नागपूरला जाणारी शेवटची बस आधी ठरवून घ्या. शेवटच्या बसची वेळ ठरली की अर्धे प्रसंग आपोआप सुचतात.